पुल्ड पोर्कसाठी बार्बेक्यू सॉस: कुठला घ्यायचा, घरी कसा करायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नॉर्थ कॅरोलिनात कॅरी-रॅले भागात राहणारी आपली मंडळी आणि तिकडे पुण्या-मुंबईत घरी पोर्क शिजवणारे, दोन्हीकडून हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो कारण खालची बरीचशी उत्तरं तिथूनच निघतात. पुल्ड पोर्क म्हणजे मंद धगीवर मऊ शिजवून धागे सुटे केलेलं डुकराचं मांस, आणि त्याच्या सॉसचं पहिलं काम आंबटपणा द्यायचं. गोडवा त्याच्यानंतर, आणि घट्टपणा तर अगदी शेवटी.

पुल्ड पोर्कला सॉस लागतोच का? मांस चांगलं शिजलं असेल तर नुसतं का नाही खायचं?

नुसतंही खा, पहिला घास तर नुसताच खाऊन बघा, मीठ कितपत आहे तेही कळतं. पण चौथ्या-पाचव्या घासाला सॉसची गरज वाटायला लागते, त्याचं कारण मांसातच आहे. पुल्ड पोर्क करतात ते डुकराच्या खांद्याचं, अमेरिकेत दुकानात बोस्टन बट नावाने मिळतं ते. या तुकड्यात चरबी भरपूर आणि स्नायूंच्या मधे कोलाजेनच्या पट्ट्या. साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या मंद धगीवर ८-१० तास, कधी १२ तास ठेवलं आणि आतलं तापमान ९३ ते ९६ अंशाला पोचलं की ते कोलाजेन वितळून जिलेटिन होतं आणि मग मांस हाताने सुटतं. चव अप्रतिम येते पण त्या जिलेटिनचा आणि चरबीचा एक थर जिभेवर बसत जातो. आंबट काहीतरी आलं की तो थर मोडतो आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. गोड घट्ट सॉस घातला तर त्या थरावर अजून एक थर चढतो, आणि मग अर्ध्या सँडविचलाच माणूस थांबतो.

सुपरमार्केटमध्ये एवढ्या बाटल्या असतात, त्यातली कुठली उचलू?

बाटली उलटी करा आणि मागची यादी वाचा, पुढचं चित्र आणि नाव सोडून द्या. यादीत पहिलं नाव कॉर्न सिरप किंवा साखर असेल तर तो सॉस रिब्ज (बरगड्या) आणि चिकनसाठी ठेवा. अशा सॉसमध्ये २ टेबलस्पूनला १५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. पहिलं नाव व्हिनेगर असेल, किंवा टोमॅटो आणि लगेच मागे व्हिनेगर असेल, तर घ्या. दुसरी खूण म्हणजे बाटली हलवून बघा, आत खळखळ आवाज आला तर आपल्या कामाची, ढिम्म हलत नसेल तर नाही.

आणि घरी आधीच ती घट्ट गोड बाटली पडली असेल तर फेकू नका. १ कप सॉसला अर्धा कप ॲपल सायडर व्हिनेगर, अर्धा चमचा मिरपूड, अर्धा चमचा चिली फ्लेक्स, चिमूटभर मीठ, मंद आचेवर ५ मिनिटं. एवढ्यावर तो पुल्ड पोर्कला चालण्याइतका सुधारतो, आणि मांसाचा निथळलेला रस २-३ चमचे घातलात तर चांगलाच लागतो.

सगळे ‘कॅरोलिना सॉस’ म्हणतात, तो नेमका कुठला?

एक नाहीये, निदान तीन आहेत. कुठल्या गावात उभे आहात त्यावर उत्तर बदलतं आणि लोक त्यावरून खरंच हमरीतुमरीवर येतात.

नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात, म्हणजे रॅलेपासून समुद्राकडे जाताना, अख्खं डुक्कर लाकडाच्या निखाऱ्यावर रात्रभर भाजतात आणि त्याला सॉस म्हणजे व्हिनेगर, मीठ, काळी मिरी, लाल मिरची. टोमॅटोचा थेंबही नाही. ही सगळ्यात जुनी पद्धत, आणि ती घडवण्यात गुलामगिरीच्या काळापासून खड्ड्यावर रात्र रात्र उभ्या राहिलेल्या काळ्या आचाऱ्यांचा वाटा सगळ्यात मोठा आहे, बार्बेक्यूबद्दल बोलताना हे सांगायचं राहून जातं म्हणून मुद्दाम लिहितोय. एडन गावात १९४७ पासून चालू असलेलं स्कायलाइट इन नावाचं बार्बेक्यूचं हॉटेल आहे, तिथे लाकडी ठोकळ्यावर दोन हातात दोन सुरे घेऊन मांस तोडत असतात, कुरकुरीत झालेली कातडीसुद्धा त्यातच बारीक होते, आणि तोडता तोडता वरून मीठ, व्हिनेगर, टेक्सस पीट हॉट सॉस पडत राहतो. म्हणजे सॉस मांसावर ओतत नाहीत, तो मांस तोडतानाच आत जातो. हे बघितलं की सॉस पातळ का ठेवतात ते आपोआप कळतं. (टेक्सस पीट हा नॉर्थ कॅरोलिनातल्याच विन्स्टन-सेलमचा आहे, टेक्ससचा नाही.)

पश्चिमेकडे लेक्झिंग्टन गाव. इथे अख्खं डुक्कर नाही, फक्त खांदे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोर्टाचं काम चालू असलं की गावात आलेल्या लोकांसाठी समोरच तंबू टाकून खांदे भाजून विकायचे, तिथून ही पद्धत रुळली. सॉसला ते डिप म्हणतात, व्हिनेगरच पण त्यात थोडं केचप आणि थोडी साखर. लालसर दिसतो, तरी पातळच. १९८४ पासून दर ऑक्टोबरमध्ये तिथे मोठा बार्बेक्यू फेस्टिवल भरतो. शार्लट किंवा ग्रीन्सबरोला राहत असाल तर गाडीने जवळ आहे, जाऊन या.

तिसरा साउथ कॅरोलिनाचा पिवळा, मस्टर्डवाला. कोलंबिया आणि आसपासचा मधला पट्टा. अठराव्या शतकात तिथे जर्मन कुटुंबं येऊन वसली, मोहरीची आवड त्यांच्यामुळे आली असं मानतात. त्याच राज्यात पूर्वेकडे पी डी नदीच्या भागात मात्र परत व्हिनेगर आणि मिरचीच. हेमिंग्वे गावचे रॉडनी स्कॉट तिथलेच, अख्खं डुक्कर भाजणारे, २०१८ मध्ये त्यांना दक्षिण-पूर्व विभागाचा बेस्ट शेफ म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार (अमेरिकेतल्या आचाऱ्यांचा मानाचा पुरस्कार) मिळाला.

ईस्टर्न व्हिनेगर सॉस घरी कसा करायचा?

सगळ्यात सोपा हाच, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने हाच करावा असं माझं ठाम मत आहे. २ कप ॲपल सायडर व्हिनेगर, दीड टीस्पून मीठ, १ टीस्पून जाडसर कुटलेली काळी मिरी, २ टीस्पून चिली फ्लेक्स, १ टेबलस्पून हॉट सॉस, हवी तर १ टेबलस्पून ब्राऊन शुगर (कट्टर लोक साखर घालत नाहीत, पण नवीन माणसाला एवढी बरी पडते). बाटलीत भरा, साखर-मीठ विरघळेपर्यंत हलवा, झालं. उकळायची गरज नाही. मात्र लगेच वापरू नका, निदान एक रात्र ठेवा, कारण मिरचीचा तिखटपणा आणि रंग व्हिनेगरमध्ये उतरायला वेळ लागतो. केल्या केल्या चाखलात तर नुसतं आंबट आणि घशाला लागणारं वाटेल, दुसऱ्या दिवशी तोच सॉस मुरून सौम्य झालेला असतो.

आणि कृपा करून चमच्याने चाखून ठरवू नका. कुठलाही व्हिनेगर सॉस चमच्याने चाखला तर अतीच वाटतो. गरम मांसाचा एक घास घ्या, त्यावर अर्धा चमचा टाका, तो खाऊन मग काय कमी-जास्त करायचं ते करा.

लेक्झिंग्टन डिपचं प्रमाण सांगा ना.

दीड कप सायडर व्हिनेगर, पाऊण कप केचप, अर्धा कप पाणी, २ टेबलस्पून साखर, १ टीस्पून मीठ, १ टीस्पून मिरपूड, १ टीस्पून चिली फ्लेक्स. हा मात्र उकळायचा, एक उकळी आली की आच बारीक करून १० मिनिटं. ताकाइतका पातळ राहिला पाहिजे, आटवून घट्ट करायचा मोह होतो तो आवरा. भारतात करत असाल तर साखर निम्मीच घाला, आपल्याकडची बरीच केचप गोडाकडे झुकलेली असतात, आणि ते आलं-लसूण-मिरची घातलेलं हॉट अँड स्वीट प्रकरण तर अजिबात नको, साधं केचप घ्या.

व्हिनेगर उकळताना नाकाडोळ्यात जातं, खिडकी उघडी ठेवा, पातेल्यावर वाकून वास घेऊ नका. आणि भांडं स्टीलचं किंवा इनॅमलचं, साधं ॲल्युमिनियम, पितळ, तांबं नको, आंबटपणामुळे धातू सॉसमध्ये उतरतो, चव तर बिघडतेच पण तब्येतीलाही बरं नाही.

मस्टर्ड सॉस आवडेल का आम्हाला? कसा असतो?

मराठी घरात सगळ्यात पटकन आवडतो तो हा, माझ्याकडे जेवायला येणाऱ्यांचं बघून सांगतो. मोहरी फेसलेल्याची चव आपल्याला लोणच्यामुळे ओळखीची असते, त्यामुळे तो परका वाटत नाही. १ कप अमेरिकन पिवळं मस्टर्ड, अर्धा कप सायडर व्हिनेगर, पाव ते एक तृतीयांश कप ब्राऊन शुगर किंवा मध, २ टीस्पून वुस्टरशायर सॉस, १ टीस्पून मिरपूड, अर्धा टीस्पून लाल तिखट. मंद आचेवर १०-१२ मिनिटं, ढवळत राहायचं, खाली लागतो. हा थोडा दाटसर असतो, त्यामुळे मांसात मिसळायला कमी आणि वरून घालायला जास्त चांगला.

पिवळं मस्टर्ड भारतात आता मोठ्या दुकानात सहज मिळतं. बंगाली कासुंदी वापरू का असं बरेच जण विचारतात. चालेल, पण ती खूप झणझणीत असते, नाकात जाते, म्हणून अर्धी कासुंदी आणि अर्धं साधं मस्टर्ड असं करा आणि गोड थोडं वाढवा.

मग ते गडद तपकिरी, घट्ट, गोड सॉस? टीव्हीवर तर तेच दाखवतात.

तो कॅन्सस सिटीचा प्रकार. केचप, ब्राऊन शुगर, मोलॅसिस (साखर करताना उरणारा काळा, कडवट पाक), व्हिनेगर आणि मसाले. तिथे हेन्री पेरी यांनी १९०८ च्या सुमारास भाजलेलं मांस विकायला सुरुवात केली, त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांमधून आर्थर ब्रायंट यांचं प्रसिद्ध दुकान उभं राहिलं. गंमत म्हणजे तिथला जुना सॉस एवढा गोड नव्हताच. आज जो गोड घट्ट सॉस सगळ्या जगाला माहीत आहे तो १९७० च्या दशकात रिच डेव्हिस नावाच्या डॉक्टरांनी केलेल्या केसी मास्टरपीसमुळे घरोघरी गेला, १९८६ मध्ये तो ब्रँड मोठ्या कंपनीने घेतला आणि मग सगळीकडे तोच नमुना झाला.

तो वाईट नाही. रिब्जवर शेवटच्या २० मिनिटांत लावला की जी चकाकी येते ती दुसऱ्या कशाने येत नाही. पण रिब्जमध्ये चावायला घट्ट मांस असतं आणि सॉस फक्त बाहेरून लागतो. पुल्ड पोर्कमध्ये मांसाचे धागे झालेले असतात, घट्ट सॉस प्रत्येक धाग्याला चिकटतो, आणि मग तुम्ही १० तास धुरावर काढलेल्या मांसाची चव कुठे लागतच नाही. ज्याला गोड हवाच त्याने टेनेसीतल्या मेंफिस शहराच्या सॉसकडे बघावं. तिथेही टोमॅटो आणि मोलॅसिस असतात, पण सॉस पातळ आणि आंबटाकडे झुकलेला, आणि बऱ्याच ठिकाणी वरचा कोरडा मसालाच मुख्य.

घरी गोड सॉस करायचा असेल तर: १ कप केचप, अर्धा कप व्हिनेगर, पाव कप ब्राऊन शुगर, १ टेबलस्पून मोलॅसिस, १ टेबलस्पून वुस्टरशायर, मिरपूड, तिखट, थोडी कांदा-लसूण पावडर, १५ मिनिटं मंद आचेवर. मोलॅसिस मिळालं नाही तर आपली काकवी घाला. काकवी मोलॅसिसइतकी कडवट नसते आणि जास्त गोड असते, म्हणून साखर एक चमचा कमी करा. कोल्हापूरकडची ताजी काकवी घातली तर चव इतकी छान येते की मोलॅसिस शोधत बसायची गरज राहत नाही.

अलाबामाचा पांढरा सॉस पोर्कला चालतो का?

मेयोनीज, व्हिनेगर, मिरपूड. डिकेटर गावच्या बॉब गिब्सन यांनी १९२५ मध्ये चिकनसाठी काढला आणि चिकनलाच तो शोभतो. पोर्कमध्ये आधीच चरबी, त्यात मेयोनीज, मला तरी नको वाटतं. चाखायची हौस असेल तर थोडा बाजूला घ्या.

भारतात ॲपल सायडर व्हिनेगर महाग पडतं, दुसरं कुठलं चालेल?

औषधासारखं विकलं जाणारं, तळाशी गाळ असलेलं महागडं सायडर व्हिनेगर घ्यायची अजिबात गरज नाही, गाळलेलं साधं पुरतं. पांढरं व्हिनेगरही चालतं, नॉर्थ कॅरोलिनातच कितीतरी ठिकाणी पांढरंच वापरतात, फक्त त्याची धार जास्त असते आणि फळाचा वास नसतो, म्हणून चिमूटभर साखर जास्त. लेबलवर आम्लतेचा आकडा बघा. अमेरिकेत साधारण ५ टक्के असते, आपल्याकडे बऱ्याच बाटल्या ४ टक्क्यांच्या असतात, तर तेव्हा प्रमाण थोडं वाढवायचं किंवा पाणी घालायचं नाही.

आणि गोव्याचं माडीपासून केलेलं व्हिनेगर मिळत असेल तर ते आधी घ्या. सौम्य असतं, त्याला स्वतःची चव असते, आणि पोर्कशी त्याचं जुनं नातं आहे. पोर्तुगीजांचं व्हिनेगर-वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस गोव्यात आलं, तिथे माडीचं व्हिनेगर आणि मिरची मिळून त्याचं विंदालू झालं. चरबीवाल्या डुकराच्या मांसाला आंबट आणि तिखट लागतं हे गोव्याच्या स्वयंपाकघराला नॉर्थ कॅरोलिनाइतकंच पक्कं माहीत आहे. त्यामुळे वसई-वांद्र्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिश्चन किंवा गोव्याच्या घरात वाढलेल्या माणसाला व्हिनेगर सॉस समजावून सांगावा लागत नाही, तो पहिल्याच घासाला मान हलवतो.

लिंबू, चिंच, कोकम? लिंबाचा थोडा रस शेवटी चालतो, रॉडनी स्कॉट यांच्या सॉसमध्येही लिंबू असतं. चिंचेने सॉस घट्ट आणि गडद होतो, चविष्ट होईल पण तो वेगळा पदार्थ झाला. कोकमाचं मी सुचवणार नाही, धुराच्या वासापुढे त्याची चव उभी राहत नाही.

मिरची कुठली? आणि गरम मसाला, जिरं वगैरे घालू का?

चिली फ्लेक्स म्हणजे पिझ्झाबरोबर येतात तेच. त्यापेक्षा चांगलं म्हणजे सुकी मिरची घरी जाडसर कुटा, रंगाला ब्याडगी, तिखटाला २-३ लवंगी किंवा संकेश्वरी. बारीक पूड व्हिनेगर सॉसमध्ये घालायची तर थोडीच, ती तळाशी गाळ होऊन बसते आणि शेवटच्या माणसाच्या ताटात सगळं तिखट जातं.

गरम मसाला नको. जिरं एखाद वेळ गोड टोमॅटो सॉसमध्ये पाव चमचा ठीक आहे, व्हिनेगर सॉसमध्ये नाही. लवंग-दालचिनीचा वास धुराच्या वासाशी भांडतो आणि दोन्ही हरतात. मसाल्याची हौस मांसाला आधी चोळायच्या कोरड्या मसाल्यात भागवा, तिथे ईस्ट इंडियन लोकांचा बॉटल मसालासुद्धा फार सुंदर लागतो, फक्त मग वरचा सॉस अगदी साधा ठेवा.

सॉस कधी घालायचा, आणि किती?

यावर सगळ्यात जास्त मांस बिघडतं म्हणून नीट वाचा.

मांस शिजलं की लगेच फाडायचं नाही. फॉईलमध्ये गुंडाळून, टॉवेलमध्ये लपेटून निदान तासभर ठेवा. उघडल्यावर फॉईलमध्ये जो रस साठलेला असतो तो एका वाटीत काढा, वर तवंग आलेली चरबी बरीचशी काढून टाका, खालचा रस ठेवा. मग मांस गरम असतानाच फाडा, हाताने किंवा दोन काट्यांनी, फार बारीक नको, बोटाएवढे तुकडे राहू देत. बाहेरची काळी करकरीत साल बारीक करून सगळीकडे मिसळा, तिच्यात धुराची आणि मिठाची सगळ्यात जास्त चव असते. आता तो रस घाला, मग व्हिनेगर सॉस. शिजलेल्या १ किलो मांसाला १०० मिली सॉसपासून सुरुवात. हलक्या हाताने मिसळा, ५ मिनिटं झाकून ठेवा, मग चाखा. बहुतेक वेळा अजून थोडं मीठ आणि अजून २-३ चमचे सॉस लागतो. गरम असतानाच घालायचा कारण गरम मांस सॉस आत ओढून घेतं, थंड झाल्यावर घातलात तर तो परातीच्या तळाशी जमतो.

मस्टर्डवाला किंवा गोड सॉस असेल तर मांसात मिसळू नका, बाटलीत भरून टेबलवर ठेवा, ज्याला हवा तो घेईल. माझ्याकडे नेहमी हेच असतं, मांसात व्हिनेगर सॉस आधीच घातलेला, आणि बाजूला पिवळा नाहीतर लाल.

माणसांचा हिशोब विचारतात म्हणून: ३.५ किलोचा कच्चा खांदा शिजून, हाड-चरबी जाऊन २ किलोच्या आसपास भरतो, त्यात १२-१४ सँडविच आरामात. त्याला एकूण अर्धा लिटर पातळ सॉस करून ठेवा, उरला तर टिकतो.

भाजतानाच वरून सॉस लावला तर?

साखर असलेला लावू नका, एवढ्या तासांत काळा कडू होतो. नुसतं व्हिनेगर-मीठ-मिरचीचं पाणी अधूनमधून फासायची पद्धत आहे. फक्त कच्च्या मांसाला लागलेला ब्रश ज्या वाटीत बुडला ती वाटी टेबलवर आणायची नाही, टेबलचा सॉस पहिल्यापासून वेगळा काढून ठेवा.

माझ्याकडे स्मोकर (धुरावर मांस शिजवायची भट्टी) नाही. स्लो कुकर किंवा प्रेशर कुकरमध्ये केलं तर सॉस बदलावा लागेल का?

हो, थोडा बदलावा लागतो. कुकरमधलं मांस मऊ होतं पण साल येत नाही, धूर नाही, आणि पाणी फार सुटतं. त्या पाण्यासकट मांस फाडून वर सॉस ओतला की सगळं पाणचट लागतं. पाणी गाळून घ्या, चरबी काढा, एक तृतीयांश होईपर्यंत आटवा, मग त्यात व्हिनेगर सॉस घालून ते मांसात मिसळा. आपल्या शिट्टीच्या कुकरला ५-६ सेंटिमीटरचे तुकडे, कपभर पाणी, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर ४५-५० मिनिटं. केचपवाला सॉस कुकरमध्ये आधी घालू नका, तळाला लागून करपतो. फाडलेलं मांस ट्रेमध्ये पसरून ओव्हनच्या वरच्या धगीखाली ५-७ मिनिटं ठेवलंत तर कडा खरपूस होतात, एवढ्या एका गोष्टीने खूप फरक पडतो. नाहीतर तव्यावर परता. धुराच्या चवीला स्मोक्ड पॅप्रिका १ चमचा.

लिक्विड स्मोक वापरलं तर चालतं का, की ते केमिकल असतं?

खऱ्या लाकडाच्या धुराची वाफ थंड करून तो करतात, १८९५ पासून मिळतोय. बाटलीवर फक्त पाणी आणि धूर एवढंच लिहिलेलं असेल ती घ्या. अर्धा लिटर सॉसला पाव टीस्पून, त्याच्यावर नाही. जास्त झाला की राखेसारखी चव येते आणि ती कशानेही जात नाही. खऱ्या धुरावर केलेल्या मांसाला मात्र घालू नका.

सॉस बिघडला, आता काय?

फार आंबट झाला असेल तर आधी मीठ बघा, साखरेकडे पळू नका, मीठ कमी असलं की आंबट टोचतं. तरीही टोचत असेल तर मांसाचा रस घाला, आणि मग शेवटी साखर. फार गोड झाला तर व्हिनेगर आणि मिरपूड दोन्ही. फार घट्ट झाला तर पाण्याऐवजी गरम रस. फार तिखट झाला तर तो मांसात अर्धाच वापरा आणि स्लॉ (कोबीची कोशिंबीर) जास्त वाढा.

पाहुण्यांत पोर्क न खाणारे आणि शाकाहारीही आहेत, सगळ्यांना एकच सॉस देता येईल?

येईल, पण लेबल वाचून. वुस्टरशायर सॉसमध्ये बहुतेक वेळा अँकोव्ही म्हणजे छोटे मासे असतात, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं आणि शाकाहारी माणसाला नकळत खायला घातलं जातं. म्हणून मस्टर्ड किंवा गोड सॉस करताना वुस्टरशायर वगळा, त्याच्याऐवजी थोडा सोया सॉस आणि चिंचेचं पाणी. ईस्टर्न आणि लेक्झिंग्टन दोन्ही वर दिलेल्या प्रमाणाने शाकाहारीच आहेत. चिकनच्या मांड्या त्याच पद्धतीने करून फाडता येतात. शाकाहाऱ्यांसाठी कच्चा फणस उकडून, धागे सुटे करून, तेलावर खरपूस परतून त्यात लेक्झिंग्टन डिप, हे फार छान होतं. चमचे, परात आणि सॉसची बाटली मात्र पूर्ण वेगळी ठेवा, आणि कशात काय आहे ते कागदावर लिहून समोर ठेवा म्हणजे कुणाला विचारायचा संकोच नको.

बन कुठला, आणि ती कोबीची कोशिंबीर आत घालायची की बाजूला?

मऊ, पांढरा, साधा बन. ब्रिओश वगैरे गोड-तुपकट बन नको. आपला लादी पाव उत्तम चालतो. कोबी आतच, मांसाच्या वर. लेक्झिंग्टनला लाल स्लॉ असतो, म्हणजे बारीक चिरलेल्या कोबीला मेयोनीजऐवजी तोच डिप चोळलेला, व्हिनेगर सॉसबरोबर मला तोच सगळ्यात आवडतो. मेयोनीजचा पांढरा स्लॉ मस्टर्ड सॉसबरोबर चांगला. पाणी सुटू नये म्हणून कोबीला मीठ लावून २० मिनिटांनी पिळून घ्या.

लहान मुलं व्हिनेगरला तोंड वाकडं करतात.

त्यांना लेक्झिंग्टन डिप, मिरची न घालता, केचप थोडं जास्त. मांस मात्र सॉस मिसळायच्या आधीच त्यांच्यापुरतं बाजूला काढा.

किती दिवस टिकतो? आणि उरलेलं पुल्ड पोर्क?

ईस्टर्न सॉस काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, दोन-तीन महिने काही होत नाही, उलट मुरतो. केचप आणि मस्टर्डवाले दोन-तीन आठवड्यांत संपवा. धातूच्या झाकणाला व्हिनेगर लागून गंज चढतो, प्लॅस्टिकचं झाकण बघा. मांस सॉस आणि रसासकट चपट्या पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये टाका, कोरडं ठेवलंत तर सुतळी होते. फ्रिजमध्ये ३-४ दिवस. गरम करताना तव्यावर २ चमचे पाणी, २ चमचे व्हिनेगर सॉस, झाकण ठेवून मंद आचेवर, आणि अगदी शेवटी झाकण काढून आच वाढवा म्हणजे कडा परत कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर अर्ध्या पॉवरवर, सॉस शिंपडून, झाकून.